म्हातारी जीप पुन्हा तरुण!

दोस्तांनो, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर देवरी लागतं. हे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पूर्वी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. देवरीपासून थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो आणि छत्तीसगड सुरू होतं.

मोठ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रकांची रांग असते. पण रस्ता सोडून जरा आत वळा. लगेच धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि मग जंगल! रोवणीच्या दिवसांत आतल्या कच्च्या वाटेवर साधी मोटार घातली, की तिचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी चिखलात बसते. अशा मुलखात एकच गाडी सगळ्यांची लाडकी होती. ती म्हणजे जीप!

म्हणूनच या भागात एखाद्या घराच्या मागच्या शेडमध्ये जुनी जीप दिसली, तर नवल वाटायला नको. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली आणि बॉनेटवर कोंबड्या निवांत बसलेल्या. "भंगारात देऊन टाका," असं कोणीतरी म्हणतंच.

पण थांबा! ही जीप पुन्हा चालू शकेल का? आणि तेही घरच्याच शेडमध्ये? पुष्कळदा याचं उत्तर 'हो' असतं. कधी कधी मात्र ते 'नाही'च असतं. हे उत्तर कसं शोधायचं, आणि 'हो' आलं तर पुढे काय करायचं, ते आज बघूया.

गाडी हवी, ४९ दिवसांत!

आधी या म्हातारीची जन्मकथा ऐका. १९४० साली युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या सैन्याला एक छोटी, हलकी आणि कुठेही जाणारी गाडी हवी होती. सैन्याने १३५ कंपन्यांना विचारलं. अट काय होती माहीत आहे? पहिला नमुना ४९ दिवसांत तयार पाहिजे! बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. त्याने काही दिवसांतच आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली.

बँटमचा कारखाना लहान होता. त्यामुळे मोठं काम विलिस आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत ६ लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. या गाड्या युद्धभूमीवर, चिखलात, वाळूत, कुठेही उघडून दुरुस्त करता याव्यात म्हणून मुद्दाम साध्या ठेवल्या होत्या. सपाट पत्रे, सरळ बोल्ट आणि हात सहज पोचेल असं इंजिन. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपलं पुढचं सगळं काम याच साधेपणाच्या जोरावर होणार आहे.

माझगावात जुळली

आता आपल्याकडे येऊ. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी काढली. ती पोलादाचा व्यापार करायची. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा! इकडे १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. पाटीवर एकच शब्द बदलला, आहे ना गंमत?

विलिस जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबईत येत आणि १९४९ पासून माझगावात त्यांच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला. विलिसने १९५३ मध्ये 'सीजे-३बी' नावाची उंच बॉनेटची जीप आणली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, पण भारतात तिच्या घराण्यातल्या जीप त्यानंतरही कित्येक वर्षं तयार होत राहिल्या. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, सरकारी दवाखाने, निवडणुकीची पथकं, सगळीकडे तीच!

एक ओळखीची खूण सांगतो. जीपच्या तोंडावरच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला नऊ फटी असत, तर नंतर लोकांसाठी काढलेल्या विलिस जीपला सात.

दोन जादा दांड्या

जुन्या जीपमध्ये डोकावलात तर गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या दिसतील. सगळी जादू त्यांच्यातच आहे.

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्यात आणखी एक अडचण असते. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्या चाकाला जास्त. म्हणून दोन चाकांच्या मध्ये 'डिफरन्शियल' नावाची दातेरी चाकांची पेटी बसवतात. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण चिखलात हाच गुण दोष ठरतो. जे चाक घसरतं तेच गरगरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं!

जीपमधली पहिली छोटी दांडी ओढली, की पुढची चाकंसुद्धा इंजिनाला जोडली जातात. याला मिस्त्री लोक 'फ्रंट टाकला' म्हणतात. मागची जोडी अडकली तर पुढची जोडी गाडीला ओढते. दुसरी दांडी 'लो'ची. ती टाकली की वेग सुमारे अडीच पटीने कमी होतो आणि चाकावरचा जोर तितकाच वाढतो. बैल सावकाश चालतो पण ओझं ओढतो, तसंच!

मग फ्रंट नेहमीच टाकून का ठेवत नाहीत? कारण वळताना पुढच्या चाकांचा रस्ता मागच्या चाकांपेक्षा लांब असतो. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हिशोब जुळतो. डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत. मग सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फ्रंट काढून ठेवायचा, हा जुन्या जीपचा पहिला नियम.

आणि हो, फ्रंट टाकला म्हणजे जीप कधीच अडकत नाही असं समजू नका. पुढचं एक आणि मागचं एक चाक एकाच वेळी घसरायला लागलं, तर तीही रुतते.

आधी हातोडी, मग खिसा

आता आपण शेडमध्ये शिरू. जुनी गाडी बघितली की सगळ्यांना आधी रंग सुचतो. हिरवा द्यावा की लाल? थांबा! रंगाचा डबा विसरा आणि एक छोटी हातोडी घ्या.

गाडीखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब लोखंडी तुळया असतात. त्यांना चॅसिस म्हणतात. इंजिन, चाकं, पत्रा, माणसं, सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. हातोडीने तिच्यावर हलकेच टकटक करत जा. 'टण्' असा आवाज आला तर लोखंड शाबूत. 'भद्द' असा मेलेला आवाज आला, पापुद्रे पडले, तर गंजाने आतून पोखरलंय. जिथे चिखल अडकून राहतो तिथे नीट बघा. विशेषतः पाटे जिथे चॅसिसला टांगलेले असतात तिथे. झाडीपट्टीत पाऊस भरपूर. ओल आणि हवा मिळाली की गंज आपलं काम करतच राहतो, गाडी चालत असो वा उभी असो.

पत्रा सडला तर तो कापून नवा लावता येतो. इंजिन बिघडलं तर ते उघडता येतं. पण चॅसिसच जागोजागी सडली असेल, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा. तो 'नको' म्हणाला तर त्याचं ऐका. ही 'नाही' म्हणायची पहिली जागा.

दुसरी जागा कागदांची. चॅसिसवर ठोकलेला नंबर आणि नोंदणी पुस्तकातला नंबर एकच आहे का? पुस्तक कोणाच्या नावावर आहे? नंबर जुळत नसेल किंवा कागदच नसतील, तर एक पैसाही खर्च करण्याआधी मोठ्यांनी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारावं. नाहीतर दोन वर्षं राबून सुंदर गाडी तयार व्हायची आणि ती अंगणाबाहेर काढता यायची नाही!

वहीवाला कोण?

दोन्ही परीक्षा पास झाल्या? मग आता गाडी उघडायची. आणि इथे तुमचं काम सुरू होतं. पाना फिरवायला काका आहेत, बाबा आहेत, गावातले मिस्त्री आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्ही करू शकता. ते म्हणजे वही लिहिणं.

जीप कितीही साधी असली, तरी तिच्यात शेकडो नट, बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंग असतात. काढताना वाटतं, "हे तर सहज आठवेल." सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही! म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. काढलेले बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा बिस्किटांच्या डब्यांत ठेवा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा: 'डावं पुढचं चाक, ड्रम', 'रेडिएटर, वरचे दोन'. वहीत तारीख, काय काढलं, कोणत्या क्रमाने काढलं, कुठे वॉशर होता, सगळं लिहा. वायरचं टोक सोडलं की त्याला कागदी पट्टी बांधा आणि नंबर घाला. जोडताना हीच वही उलट्या क्रमाने वाचायची.

वहीचा एक पुरावा देतो. सीजे-३बीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. ते ओळीने पेटत नाहीत. त्यांचा क्रम असतो १, ३, ४, २. प्लगच्या चार वायरी सारख्याच दिसतात. त्यातल्या दोन अदलाबदल झाल्या, की इंजिन खोकतं, फाट्‌फाट् करतं, पण नीट चालत नाही. मोठी माणसं कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि दोष असतो दोन वायरींत! ज्याच्या वहीत नंबर आहेत, तो दोन मिनिटांत हा घोळ सोडवतो.

जाम झालेलं इंजिन

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बहुधा जाम होतं. पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. अशा वेळी जोर लावायचा नसतो, वाट बघायची असते. मिस्त्री चारही प्लग काढतात. प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल आत सोडतात आणि काही दिवस गाडीला हात लावत नाहीत. तेल हळूहळू गंजात झिरपतं. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या बाजूने हँडल लावतात आणि अगदी हलकेच मागेपुढे करून बघतात.

हे हँडल म्हणजे जुन्या जीपची मोठी गंमत! बॅटरी बसली तरी हाताने फिरवून ती सुरू करता येते. पण हँडल फिरवताना अनुभवी माणूस अंगठा मुठीभोवती गुंडाळत नाही, बोटांच्याच बाजूला ठेवतो. कारण इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा मोडू शकतो.

इंजिन फिरायला लागलं की बाकीचं कोडं सोपं होतं. त्याला तीन गोष्टी हव्यात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी, आणि तीही नेमक्या वेळी. पेट्रोल येत नसेल तर पाइप आणि पंप बघा. हवा अडत असेल तर जाळी आणि कार्ब्युरेटर साफ करा. ठिणगी नसेल तर पॉइंट, कॉइल, प्लग तपासा. एकेक गोष्ट घ्यायची, ती बरोबर आहे हे पाहायचं आणि पुढे जायचं. डॉक्टर रोग शोधतात तसंच!

इथे घाई नको!

आता ज्या गोष्टींत जिवाचा प्रश्न आहे, त्या नीट वाचा.

जुन्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ जास्त घातकी. म्हणून टाकी नीट साफ केल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंग, काडेपेटी, काही नाही.

दुसरं म्हणजे जॅक. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही शिरायचं नाही. खाली मजबूत लोखंडी घोड्या हव्यात आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेत. "हँडब्रेक लावलाय ना," असं कोणी म्हणेल. पण बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरपेटीमागच्या फिरत्या दांड्याला धरतो. अशा जीपचं मागचं एक चाक उचललं, की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळू शकते! आठवतं ना, चिखलात गरगरणारं ते चाक? हा त्याचाच भाऊ.

तिसरी गोष्ट ब्रेकची. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल पाइपांतून चारही चाकांपर्यंत जोर पोचवतं. तुम्ही विज्ञानात पास्कलचा नियम शिकलात ना, तोच हा! पण जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. शिवाय ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि आतून गंज धरवतं. म्हणून रबरी भाग, पाइप, तेल, सगळं नवंच घालायचं. इथे काटकसर नाही. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसांना फार वाईट. धूळ ओली करून पुसून काढायची.

आणि शेवटचं. बंद शेडमध्ये इंजिन सुरू करायचं नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. आधी दारं उघडा किंवा गाडी ढकलून अंगणात आणा.

रंग सगळ्यात शेवटी

ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, वायरिंग हे सगळं झाल्यावरच पत्र्याची पाळी. जीपचे पत्रे बरेचसे सपाट असल्याने गावातला वेल्डरही सडलेला तुकडा कापून नवा बसवू शकतो. गंज पूर्ण खरवडायचा, प्रायमर मारायचा आणि मग रंग. गंजावरच रंग दिला, तर तो एका पावसाळ्यात फुगून वर येतो.

सुटे भाग शोधणं हीसुद्धा एक शोधमोहीमच! मोठ्या शहरांतल्या जुन्या सामानाच्या बाजारांत हिंडावं लागतं. हरियानातलं मंडी डबवाली तर जुन्या जीप बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. भाग घ्यायला जाताना जुना भाग बरोबर न्यायचा. "असाच द्या," म्हणायला तो बरा पडतो.

इथे एक वादही नेहमी होतो. जुनं पेट्रोल इंजिन तेल खूप पितं. मग दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवावं का? कोणी म्हणतं, "गाडी चालली पाहिजे." कोणी म्हणतं, "मग ती जुनी जीप राहिली कुठे?" तुम्हाला काय वाटतं? ठरवण्याआधी कायदा काय म्हणतो ते वाचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही आणि बदल नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणायची. रोज वापरायच्या खाजगी गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करून घ्यावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी पुन्हा. सरकारी गाड्यांचं मात्र वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी नवी होत नाही, त्या मोडीतच निघतात.

म्हणजे बघा, सरकारी कचेऱ्यांच्या आवारातल्या जुन्या जीप एकेक करून जाणार. उरतील त्या घराघरांतल्या शेडमधल्या. आणि त्यांना ओळखणारे मिस्त्रीही आता म्हातारे झालेत. इंजिनाचा आवाज ऐकून "तीन नंबर पेटत नाही" असं सांगणारे कान पुस्तकात मिळत नाहीत. तुमच्या गावात असे कोणी आजोबा असतील, तर वही घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या. जीप हातात आली नाही तरी चालेल, ती वही हातात असू द्या. आणि चालवायचं म्हणाल, तर अठरा वर्षं पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत शेजारच्या सीटवर बसा!

करून बघा

डिफरन्शियल का लागतं? चौघं मित्र एक लांब काठी आडवी धरून एका रांगेत उभे राहा. आता आतल्या टोकाच्या मित्राभोवती गोल वळा. आतल्याला जागेवरच छोटी पावलं टाकावी लागतात आणि बाहेरच्याला धावावं लागतं! आता ठरवा, चौघांनी अगदी सारखीच पावलं टाकायची. काठीचं काय होतं? ती वळतच नाही. हट्टाने वळवली, तर कोणाचा तरी हात सुटतो नाहीतर पाय घसरतो. जीपच्या चाकांचंही असंच होतं. तुम्हाला काय आढळलं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.